मेहकरचे शेत आणि दुबईचा किनारा

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात खारे पाणी म्हटले की आठवते ते लोणारचे सरोवर. उल्का आदळून काळ्या दगडात पडलेला हा खड्डा. ‘आईन-ए-अकबरी’तही त्याचा उल्लेख आहे, इथल्या क्षारापासून काच आणि साबण बनत असे. मेहकरच्या आमच्या घरापासून लोणार तासाभराच्या आत. समुद्र मात्र आम्ही जवळून पाहिला तो गेल्या हिवाळ्यात, थोरल्या मुलाकडे दुबईला गेलो तेव्हा.

आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहोत. समृद्धी महामार्गाने मुंबई आणि तिथून तीन तासांचे विमान. पहिले दोन दिवस नातवंडांत गेले. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, “अब्बा, अम्मी, चला, तुम्हाला समुद्रावरचं घर दाखवतो.” त्याच्या आवाजावरूनच कळले की ही नुसती सहल नाही.

वाटेत त्याने पाम जुमेरा दाखवले. समुद्राच्या तळाची वाळू उपसून, तिचा फवारा मारून केलेले हे ताडाच्या आकाराचे बेट. काम 2001 साली सुरू झाले. लाटा अडवायला भोवती दगडी बांध घातला, पण आतले पाणी साचून राहू लागले, म्हणून त्या बांधाला मध्ये मोकळ्या जागा ठेवाव्या लागल्या. शेताचा बांध घालणाऱ्याला हे लगेच समजते. पाण्याला वाट द्यावीच लागते.

परदेशी माणसाला दुबईत ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची मुभा 2002 साली मिळाली. त्याआधी आपली माणसे तिथे वर्षानुवर्षे राबली, ती भाड्याच्या खोलीत राहून. म्हणून मुलाची ओढ आम्हाला कळत होती. चौदा वर्षे तो भाडे भरतो आहे.

इमारत नवी कोरी होती. अकराव्या मजल्यावरचा दरवाजा उघडला आणि समोर पाणीच पाणी. एक मोठी खोली, कोपऱ्यात ओटा, न्हाणीघर, गॅलरी. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. शेवटी आमच्यातल्या एकीने विचारले, “वाळवणं कुठं घालायची?” मुलगा हसला. घर दाखवणारा दलाल हसला नाही. त्याला भाषा कळली नव्हती.

मग हिशेब निघाला. किंमत 12 लाख दिरहम. दिरहम तेव्हा 23 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे पावणेतीन कोटी रुपये. सुरुवातीला दहा टक्के आणि जमीन विभागाचे नोंदणी शुल्क चार टक्के, मिळून 1 लाख 68 हजार दिरहम, म्हणजे साधारण साडेअडतीस लाख रुपये. बाकीचे हप्ते तो पगारातून भरणार होता. हे साडेअडतीस लाख कुठून आणायचे, ते त्याने जपून विचारले. “गावाकडचं चार एकर आता कसतं कोण?”

बोलता बोलता आणखी एक गोष्ट उघड झाली. आम्ही उभे होतो ती इमारत संपूर्ण विकली गेली होती. विक्रीला होती ती शेजारची. खिडकीतून खाली पाहिले तर तिथे खड्डा आणि दोन क्रेन. ताबा तीन वर्षांनी.

त्या रात्री मुलाला आम्ही एकेक विचारत गेलो आणि त्यानेही न चिडता सांगितले. 2008 नंतरच्या मंदीत तिथले भाव कोसळले, कितीतरी कामे अर्ध्यावर थांबली. आता कायदा आहे. 2007 पासून खरेदीदाराचे पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, आणि प्रकल्पाची नोंद सरकारी ‘दुबई रेस्ट’ अॅपवर तपासता येते. त्याने तपासली होती, सगळे ठीक होते. पण ताबा मिळाल्यावरही दरवर्षी चौरस फुटामागे देखभालीचा आकार, वर थंडाव्याचे वेगळे बिल. शिवाय खारी हवा लोखंड सोडत नाही.

आमच्या बाजूचेही नियम होते. भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेही बँकेमार्फतच. पण वर्षातल्या 10 लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधीच कापते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, तोवर पैसे अडकतात. आमचे नाव मालकीत आले तर दरवर्षी विवरणपत्रात ते घर दाखवायचे. लपवले तर 2015 च्या कायद्याने 10 लाखांचा दंड. हवालाचा सल्ला देणारेही भेटले. त्यांना आम्ही चहा पाजून वाटेला लावले.

कर्जाचे म्हणाल तर तिथे व्याजाशिवायची सोय आहे. इजारा पद्धतीत बँक घर घेते, आपण भाड्यासारखे भरत जातो आणि शेवटी मालकी आपल्याकडे येते. ती अडचण नव्हती.

अडचण वेगळीच होती. आम्हाला दोन मुली आहेत, एक मलकापूरला, एक अकोल्याला. चार एकर विकून एका मुलाच्या हाती द्यायचे, तर हयातीतली देणगी मुलांमध्ये सारखी असावी ही शिकवण कुठे ठेवायची? आणि घर मुलाच्या नावावर झाले तर त्यात मुलींचे काय? मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.” तो लबाड नाही. समुद्र समोर असला की मागचे दिसत नाही, एवढेच.

आम्ही शेत विकले नाही. ते बटाईने दिले आहे. यंदा सोयाबीन आणि तूर आहे. मुलाने ठरवले की स्वतःच्या बचतीतून, समुद्रापासून आत असले तरी चालेल, पण उभे असलेले घर घ्यायचे. आधी नळ उघडून पाहायचे, मग पैसे. कदाचित पाच वर्षांनी ती खड्ड्यातली इमारत दीडपट भावाची होईल आणि तो म्हणेल, अब्बा, तुम्ही अडवलं. ते ऐकून घेण्याची आमची तयारी आहे.

परतल्यावर एका रविवारी मुली आल्या होत्या, सगळे मिळून लोणारला गेलो. काठावर बसून डबे उघडले. धाकट्या नातीने विचारले, “मामूच्या समुद्राला पण असाच वास येतो का?” आम्ही म्हटले, “नाही गं, तिथं वारा जास्त.” मग मगरिबच्या आत घरी पोहोचायचे म्हणून उठलो.