हवानाचे भाजीचे वाफे

क्यूबाची राजधानी हवाना. शहराच्या पूर्वेला अलामार नावाची वसाहत आहे. एकसारख्या चौकोनी इमारतींच्या रांगाच रांगा, आणि त्यांना खेटून चक्क भाजीचं शेत! मुळा, टोमॅटो, लेट्यूस, काय हवं ते.

ही हौस नव्हे बरं का! क्यूबा आपली साखर सोव्हिएत संघाला विकायचा आणि तिकडून तेल, खतं, धान्य आणायचा. १९९१ साली सोव्हिएत संघच मोडला. तेलाअभावी ट्रॅक्टर उभे राहिले. ट्रकही थांबले, मग खेड्यातली भाजी शहरात पोचणार कशी? ताटातलं अन्न कमी झालं, धडधाकट माणसं वाळली. तेव्हा हवानाकरांनी मोकळे प्लॉट हेरले.

पण तिथली माती कसली? नुसता राडारोडा! मग जमिनीवरच विटा, फळ्या, जुने पत्रे उभे करून लांबट वाफे बांधले आणि त्यांत शेणखत, कंपोस्ट भरलं. अशा शेताला तिकडे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. (म्हणून बघा, जीभ अडखळते!) औषधं मिळेनात, म्हणून कीड दूर ठेवायला वाफ्याच्या टोकाला झेंडू लावला. कडुनिंबही वापरला. हो, आपला कडुनिंब तिथंही वाढतो! भाजी काढायची नि शेताच्या फाटकाशीच विकायची. ट्रक हवाय कुणाला?

अलामारचं शेत १९९७ सालचं. भात मात्र असा वाफ्यात पिकवून पुरत नाही. क्यूबातल्या ताटातला बराचसा तांदूळ आजही बोटीनं, परदेशातूनच येतो.