बुडालेल्याची हौस

बदलापूरच्या पुलावरून आज उल्हास नदी पाहिली. गढूळ, फुगलेली. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा नौदलाचे पाणबुडेही मदतीला निघाले होते. हजारावर प्रवासी सुखरूप सुटले.

गोव्यात ग्रँड बेटापाशी मात्र बुडालेलं जहाज बघायला लोक हौसेने बुडी मारतात. मलाही ते करायचंय. पाण्यात खाली जाताना दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. लाल रंग सगळ्यात आधी हरवतो, टॉर्च लावेपर्यंत गंजही करडाच दिसतो. नॉर्वेसारख्या गार समुद्रात अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट लागतो, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने ऊब ओढून घेतं. श्वास रोखायचा नाही, वर सावकाश यायचं, हे नियम मात्र सगळीकडे तेच.

तळाशी गेलेली मासेमारीची होडी माशांचं घर होते, हे खरं. पण ती कुणाची तरी रोजीरोटी होती. तिचा तांडेल आपल्या ओळखीचा नसतो, म्हणूनच आपल्याला ती सुंदर वाटते. हौस सोडणार नाही. पण बुडी मारण्याआधी त्या होडीवर कोण होतं, एवढं विचारून घेईन.