नातीचा किमोनो



नातीच्या जन्मानंतर दोन महिने कोबेला मुलाकडे होते. सून जपानी, मला ‘ओकासान’ म्हणते, म्हणजे आई. बाळ महिन्याचं झालं की त्याला शिंतो देवळात नेतात आणि बाळाला घ्यायचा मान वडिलांच्या आईचा. म्हणजे माझा.

मिथ्यात्वाची शंका मनात होतीच, पण खरी अडचण वेगळीच निघाली. बाळावरून किमोनो पांघरून त्याचे बंद आजीच्या मानेमागे बांधतात. सून स्वतः ज्यात देवळात गेली होती तोच किमोनो तिच्या आईने जपून ठेवलेला. अस्सल रेशीम! मी रेशीम सोडून बावीस वर्षं झाली, मुलाच्या लग्नातही सुती साडीच नेसले. रात्रभर झोप नाही. सकाळी मुलगा म्हणाला, “मम्मी, मी सांगतो तिला.” म्हटलं, नको सांगूस. नवा आणायचा असता तर नाहीच म्हटलं असतं. हा तिच्या माहेरचा.

इकुता देऊळ सान्नोमिया स्टेशनच्या अगदी जवळ. आपल्या कापडबाजारासारखी गर्दी, आणि कमानीतून आत गेलं की मागे झाडीच झाडी. फक्त पाइन नाही. पूर्वी पुरात पाइनची झाडं उपयोगी पडली नाहीत, म्हणून ती इथे वर्ज्य. नववर्षालाही सुरूच्या जातीचं दुसरं झाड वापरतात. देवळाचा रुसवा मला फार आवडला! १९९५ च्या भूकंपात देऊळ कोसळलं होतं, ते पुन्हा उभं केलं.

हात धुवायला पळीने पाणी घेतात. अणगळ पाणी, मी हातावर घेतलं, तोंडात नाही. आत मूर्ती दिसत नाही. स्थानकात वाढलेल्या मला त्याचं नवल वाटलं नाही. पाच येनचं नाणं टाकलं. पाच येन म्हणजे ‘गोएन’ आणि ऋणानुबंधालाही ‘गोएन’च म्हणतात. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा वाकायचं. माझ्या हातात बाळ, टाळ्या वाजवायच्या राहिल्या, ते बरंच झालं. मान मात्र वाकली. तीर्थासारखी साके दिली, ती मी घेतली नाही. मुलाने घेतली का, ते पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून आपणहून म्हणाली, ओकासान, तुमच्या देवळात जाऊ. कोबेत कितानोला १९८५ साली बांधलेलं महावीरस्वामींचं संगमरवरी मंदिर आहे. आम्ही मंदिरमार्गी नाही, हे तिला कोण समजावणार! दाराशी तिने चामड्याची पर्स काढून बाहेर ठेवली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.