गोठणाऱ्या पाण्याचा हिशेब

कोकणात पाण्याची काळजी मे महिन्यात सुरू होते. विहिरीचा तळ दिसू लागला की घरातली बाई कळशी मोजून पाणी खर्च करते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हीच काळजी नोव्हेंबरात सुरू होते. पाणी भरपूर असते, पण ते गोठू न देणे हे रोजचे काम होऊन बसते. हे काम आम्ही एका हिवाळ्यात दहा आठवडे केले, तेही चाकांवरच्या घरात.

झाले असे की, जुन्या भाड्याच्या घराची मुदत ऑक्टोबरअखेर संपली आणि नव्या घराचा ताबा जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबला. चार माणसांना इतके दिवस हॉटेलात राहणे परवडणारे नव्हते. आमच्याकडे गाडीमागे जोडून नेण्याचा कॅम्पर होता. उन्हाळ्यात मुलाला घेऊन फिरायला जाण्यासाठी तो घेतला होता. एडमंटनजवळ हिवाळ्यातही वीज देणारा एक तळ मिळाला आणि कॅम्पर तिथे उभा केला. आम्ही दोघे, अकरा वर्षांचा मुलगा आणि खेडहून सहा महिन्यांसाठी आलेली अम्मी, असा आमचा संसार त्यात मांडला.

कॅम्परच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. आमची स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे दीडशे लिटरची होती. तीनही टाक्या जमिनीपासून हात-दीड हातावर, थंड वाऱ्याच्या तोंडाशी. पाणी शून्य अंशाला गोठते आणि गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगते. फुगायला जागा नसली की पाईप, नळाची जोडणी, पंपाचे तोंड, जे काही वाटेत येईल ते फुटते. मोठ्या टाकीच्या आधी बारीक पाईप गोठतात, कारण त्यांत पाणी थोडे असते आणि ते लवकर गार होते. फुटलेले मात्र त्या वेळी कळत नाही. बर्फ वितळला की कळते, जेव्हा कपाटाखालून पाणी वाहू लागते.

पहिल्या आठवड्यात आम्ही कॅम्परच्या खालच्या मोकळ्या जागेभोवती फोमच्या जाड पत्र्यांची भिंत उभी केली. सांधे चिकटपट्टीने बंद केले. पुढे बर्फ पडला तेव्हा तोच फावड्याने त्या भिंतीला लावून रचला. बर्फाच्या थरात हवा अडकलेली असते, म्हणून तो गोधडीसारखा वारा अडवतो. तळावरचे बाहेरचे नळ थंडीत बंद असतात. एका गरम खोलीत एकच नळ चालू होता. तिथून वीस लिटरचे कॅन भरून आणायचे, टाकीत ओतायचे आणि आतल्या पंपाने वापरायचे, असा क्रम ठरला. सांडपाण्याची झडप कायम बंद ठेवायची, टाकी भरत आली की एकदम उघडून रिकामी करायची आणि नळी सोडवून ठेवायची. झडप उघडी राहिली तर थेंब थेंब पाणी नळीत गोठत जाते आणि शेवटी नळीत बर्फाचा बोळा बसतो. शेजारच्या एका वृद्ध जोडप्याने हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

दुसरी गोष्ट गरम हवेची. कॅम्परमध्ये प्रोपेन गॅसवर चालणारी भट्टी असते, तिला फर्नेस म्हणतात. आमच्या कॅम्परमध्ये तिची गरम हवा खोलीत येते आणि एका फाट्याने टाक्यांच्या पोकळीतही जाते. विजेचा हीटर लावला तर खोली स्वस्तात उबदार होते, पण मग फर्नेस सुरूच होत नाही. माणसे उबेत आणि टाक्या मात्र गारठलेल्या, असा प्रकार होतो. म्हणून आम्ही हीटर बाजूला ठेवला आणि फर्नेसच चालवली. कडाक्याच्या थंडीत गॅसचा एक सिलिंडर जेमतेम दिवस-दीड दिवस पुरायचा. टाकीजवळ तापमापकाचा एक टोकदार काटा बसवला आणि त्याचा आकडा दिसणारी पट्टी स्वयंपाकाच्या ओट्यावर लावली. रोज सकाळ-संध्याकाळ तो आकडा वहीत लिहिण्याचे काम मुलाने घेतले. धूर आणि विषारी वायूची सूचना देणारे यंत्र आम्ही दर आठवड्याला तपासत होतो. बंद खोलीत गॅसची शेगडी उबेसाठी पेटवायची नाही, हा नियम अम्मीलाही सांगून ठेवला होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या लक्षात आले की अम्मीचा पाण्याचा पेला संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला असतो. चहाही ती अर्धाच घेत होती. विचारले तर म्हणाली, "तहानच लागत नाही रे इथे." खरे कारण वेगळे होते. आम्ही बर्फातून कॅन वाहून आणताना ती खिडकीतून बघायची. आपल्यामुळे टाकी लवकर भरू नये, रात्री संडासला उठावे लागू नये, म्हणून ती पाणीच कमी पीत होती. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. परदेशात, दुसऱ्याच्या घरी, असे गप्प राहून सोसणाऱ्या आया आपल्यापैकी बऱ्याच घरांत असतील.

समजावून सांगितले असते तर ती हो म्हणाली असती आणि पेला तसाच राहिला असता. म्हणून त्या रात्री आम्ही वही काढून तिच्यासमोर हिशेब मांडला. टाकी दीडशे लिटरची. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे चौघांचे मिळून बारा लिटर. भांडी धुण्याचे दहा. वुजूचे किती, ते तिनेच सांगितले. हदीसमध्ये एका मुद्द पाण्यात वुजू केल्याचे येते, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. तिने लोटा उचलून दाखवला आणि म्हणाली, "हा एवढा." आंघोळीसाठी तळावरचा गरम हमामखाना होताच. सगळे मिळून दिवसाला चाळीस लिटरच्या आत बसत होते. म्हणजे तिसऱ्या दिवशी एकदा टाकी भरली की काम झाले. अम्मीने बेरीज दोनदा तपासली. दुसऱ्या दिवसापासून पेला रिकामा होऊ लागला. आकडा समोर आला आणि तिचा संकोच गेला.

डिसेंबरच्या अखेरीस एडमंटनला सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. सगळ्यात बोचरी थंडी उजाडण्याच्या जरा आधी असते, म्हणजे नेमकी फजरच्या नमाजच्या वेळी. रात्री झोपताना सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब पाईपांपर्यंत पोहोचते. हे काम अम्मीने आपणहून घेतले होते.

मग ती रात्र आली. बाहेर उणे एकतीस अंश, वर वारा. एकच्या सुमारास तळाची वीज गेली. फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो, पण ती बॅटरी सकाळपर्यंत पुरवायची तर खोलीचे तापमान कमी ठेवणे भाग होते. टाकीजवळचा आकडा सहावरून चारवर आला, तासाभरात दोनवर. टाकीत तेव्हा नव्वद लिटरच्या आसपास पाणी होते. बर्फातून वाहून आणलेले. ते ओतून द्यावे, की वीज येईल म्हणून थांबावे? आम्ही दोघे टॉर्च हातात धरून एकमेकांकडे बघत होतो.

अम्मी उठून बसली होती. तिने आकडा विचारला आणि म्हणाली, "मोठं पातेलं काढा. लागेल तेवढं भरून घ्या, बाकी सोडून द्या. पाणी उद्या मिळेल, पाईप नाही मिळणार." पातेले, कुकर, दोन कॅन, चहाची किटली, सगळे भरून घेतले. मग आम्ही तळाच्या झडपा उघडल्या, पंप आणि गरम पाण्याचे भांडे रिकामे केले, सगळे नळ उघडे टाकले आणि सांडपाण्याच्या टाक्यांत गुलाबी अँटिफ्रीझ ओतले. वीज पाच वाजता आली. फजरला अम्मीने पातेल्यातून लोटा भरून वुजू केला. त्या रात्री एकही जोड फुटला नाही.

त्या रात्रीपासून आमचा एक नियम झाला. थंडीत पाणी एकतर उबेत आणि वापरात ठेवायचे, नाहीतर पूर्ण काढून टाकायचे. थोडे राहू दे, बघू या, असे करताना नुकसान होते.

जानेवारीत नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या आणि कॅम्पर अंगणात उभा केला. तेव्हा हाच नियम पुरता पाळला. टाक्या रिकाम्या केल्या, गरम पाण्याचे भांडे थंड झाल्यावरच त्याची बुची काढली, मग ते भांडे वगळून बाकीच्या पाईपांत गुलाबी अँटिफ्रीझ पंपाने खेळवले. प्रत्येक नळातून गुलाबी रंग येईपर्यंत थांबलो. सिंकखालच्या वाकड्या पाईपात पेलाभर ओतले, कारण तिथे नेहमी पाणी साचलेले असते. हे अँटिफ्रीझ प्रोपिलिन ग्लायकॉलचे, खास पिण्याच्या पाण्याच्या पाईपांसाठी मिळते. मोटारीच्या इंजिनात घालतात ते बहुधा इथिलिन ग्लायकॉलचे असते. ते विषारी आहे, पाण्याच्या पाईपात कधीही घालू नये.

अम्मी मार्चमध्ये खेडला परतली. मेच्या सुरुवातीला आम्ही पाईप स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुतले, टाकी भरली आणि पंप सुरू केला. पाईपांत दाब आला की पंप आपोआप थांबतो. कुठे गळती असेल तर तो थांबून थांबून पुन्हा घरघरतो. आम्ही पाच मिनिटे कान देऊन उभे होतो. पंप थांबला आणि शांतच राहिला.