घरात माणसं किती?

हल्ली कोणी कोणाला पत्र पाठवतं का हो? म्हणूनच पोस्टमनने ओटीवर अमेरिकेचं कार्ड ठेवलं तेव्हा मी कणीक तशीच टाकून बाहेर आले. धाकटे भावजी फिनिक्सला असतात. तिथून ते आणि जाऊबाई सुपाई नावाच्या गावी चार दिवस जाऊन आले होते, आणि त्या गावच्या पोस्टातूनच त्यांनी हे कार्ड टाकलं होतं. त्यावर खेचरांच्या टपालाचा खास शिक्का. भावजींनी दोनच ओळी लिहिल्या होत्या : 'वहिनी, हे कार्ड खेचराच्या पाठीवर बसून दरीतून वर आलंय. तुमच्या वर्गात दाखवा.'

मी आमच्या गावच्या हायस्कुलात अर्धवेळ भूगोल शिकवते. बी.ए.ला भूगोल घेतला त्याचा एवढाच उपयोग झाला, असं आमचे 'हे' गमतीने म्हणतात. कार्ड वर्गात फिरलं. लगेच प्रश्न आला, "बाई, तिथे एस्टी जात नाही?"

एस्टी नाही, जीप नाही, काही नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड दरी आहे, ती तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिच्या एका पोटदरीत हे गाव वसलं आहे. मोटाररस्ता दरीच्या काठाशी संपतो. तिथून पुढे ८ मैल, म्हणजे जवळजवळ १३ किलोमीटर, पायवाट. दोन हजार फुटांच्या आसपास खाली उतरायचं. चालत जा, घोड्यावरून जा, नाहीतर हेलिकॉप्टरने. टपाल मात्र खेचरांवरून. आणि त्या टपालात पत्रं थोडी, किराणाच जास्त! बाहेरच्या ज्या पोस्टातून हे सामान निघतं तिथे खाण्याचे जिन्नस टिकावेत म्हणून शीतखोली ठेवली आहे. आपल्याकडे पाहुणे येणार म्हणून ऐनवेळी वाण्याकडे मुलाला पिटाळतो तसं तिथल्या बाईला कसं जमत असेल, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला. भूगोल नंतर सुचला.

गाव हवासुपाई लोकांचं. नावाचा अर्थ निळ्याहिरव्या पाण्याची माणसं. गावाजवळून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी खरोखरच तशा रंगाचं आहे, कारण त्यात चुना विरघळलेला असतो. आपल्या पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना, तोच प्रकार. फक्त तिथे त्या थराचे बांध आणि कुंडं तयार झाली आहेत आणि खाली शंभर-शंभर फुटांचे धबधबे कोसळतात. या पाण्यावर हे लोक शेकडो वर्षं मका, घेवडा आणि भोपळा करीत आले. उन्हाळ्यात दरीत शेती, हिवाळ्यात वर पठारावर शिकार, असं त्यांचं वर्ष दोन घरांत वाटलेलं होतं. १८८२ साली सरकारने त्यांना दरीतली ५१८ एकर जमीन ठरवून दिली आणि पठार तोडलं. म्हणजे वर्षातलं अर्धं घरच गेलं म्हणा ना! १९७५ साली कायदा होऊन सुमारे १ लाख ८५ हजार एकर परत मिळाली.

आता गंमत अशी की इतक्या जुन्या गावाला सरकारी कागदावर गावपण नाही. तिकडच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे नोंदवलेली नगरपालिका असेल तरच ते शहर किंवा गाव. नसेल तर ती नुसती वस्ती. सुपाईचा कारभार हवासुपाईंची स्वतःची पंचायत पाहते, पण राज्याच्या यादीत ते नगर नाही. जनगणना खात्याने मोजणीपुरती एक हद्द आखली आहे, तेवढीच.

त्या हद्दीत माणसं किती? २००० साली ४२३. २०१० साली २०८.

हे आकडे मी रात्री वहीत उतरवत होते तर आमची लेक खांद्यावरून डोकावून म्हणाली, "अगं आई, दहा वर्षांत अर्धं गाव गेलं कुठे?"

मधे २००८ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला होता. वरचा एक मातीचा बांध फुटला आणि लोकांना हेलिकॉप्टरने उचलून बाहेर न्यावं लागलं. पण सगळं त्या पुरावर ढकलणं मला पटत नाही. आकडा कसा बनतो ते मी लहानपणी पाहिलेलं आहे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. २००१ सालच्या फेब्रुवारीत त्यांना जनगणनेचं काम होतं आणि मी त्यांची पिशवी धरून घरोघर हिंडले होते. खालच्या वाडीत एक म्हाताऱ्या काकू होत्या. "घरात माणसं किती?" तर म्हणाल्या, "आठ." घरात तर त्या आणि त्यांची सून. बाकीचे सगळे मुंबईला. वडिलांनी परोपरीने समजावलं की इथे राहणारी तेवढीच लिहायची. काकू चिडल्या, "मुंबयत ऱ्हातत म्हणून काय झाला? माझेच ना ते?" वडिलांनी दोन लिहिले. काकूंनी आम्हाला सरबत दिलं नाही.

नियम वडिलांचाच बरोबर होता. आपल्याकडे वसतिगृहातलं मूलसुद्धा वसतिगृहातच मोजतात. अमेरिकेत मात्र कॉलेजच्या आधीच्या निवासी शाळेत असलेलं मूल आईबापांच्या घरी मोजायचं असा नियम आहे. काकूंना तो फार आवडला असता!

आणि सुपाईत हा नियम नुसता कागदी नाही, बरं का. तिथली शाळा आठवीपर्यंतच आहे. पुढे शिकायचं तर दरी चढून बाहेरगावी, बहुतेकांना निवासी शाळेत. त्या आठवीपर्यंतच्या शाळेतही धड शिकवत नाहीत, म्हणून २०१७ साली तिथल्या पालकांनी मुलांच्या वतीने थेट केंद्र सरकारवर दावा लावला होता. म्हणजे त्या २०८ मध्ये अशी शिकायला गेलेली मुलं नियमाप्रमाणे धरलेली असणार, आणि संध्याकाळी ओढ्याकाठी प्रत्यक्ष दिसणारी माणसं त्याहूनही कमी. तेरा-चौदा वर्षांचं पोर खेचराच्या वाटेने वर जाताना त्याची आई कुठपर्यंत सोबत जात असेल? पहिल्या वळणापर्यंत? की थेट काठापर्यंत?

हे मी का विचारते ते सांगते. आमची लेक यंदा दहावीला आहे. आमची शाळाही दहावीलाच संपते. जूनमध्ये ती अकरावी सायन्ससाठी रत्नागिरीच्या वसतिगृहात जाईल. दोन तासांचा एस्टीचा प्रवास, वाटेत दरी नाही की काही नाही, तरी ताटं मांडताना माझा हात आत्तापासूनच अडखळतो. सासूबाईंनी तर गोधडी शिवायला घेतली आहे, आणि दर चार टाके झाले की विचारतात, "तिथे पंखा असेल ना गं?"

आपली पुढची जनगणना २०२७ साली आहे. आमच्या गावात आमच्याच शाळेतले कोणीतरी मोजायला येतील. मी स्वतः भूगोलाची बाई, नियम मला तोंडपाठ आहे. चारच सांगायला हवेत. सासूबाईंना परवा हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "तू आत चहा टाकायला जा. मी सांगेन त्यांना काय ते."

कार्ड लेकीने मागून घेतलंय. ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवणार म्हणते.