महागावचा बाजार आणि आमचा हिशेब

नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, आर्णी ओलांडून उमरखेडच्या अलीकडे महागाव लागते. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. एस.टी.च्या खिडकीतून स्टँड, चहाच्या टपऱ्या आणि कृषी केंद्रांच्या पाट्या एवढेच दिसते. पण हे गाव समजून घ्यायचे तर हंगामात कापसाच्या गाडीबरोबर यावे.

हा सीमेवरचा मुलूख. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेले. पैनगंगेपलीकडे मात्र 1948 पर्यंत निजामाचेच राज्य होते. म्हणून इथल्या वऱ्हाडी बोलीत मराठवाड्याचा सूर मिसळतो. बाजारात बंजारा, आंध, मुसलमान, कुणबी आणि आपली माणसे यांची गाठ पडते. काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन. पाणी असेल तिथे ऊस. त्यासाठीच गुंजला साखर कारखाना उभा राहिला.

वऱ्हाडात कापूस-धान्य बाजाराचा कायदा 1897 सालचा. पण बाजार समित्यांत वजन व्यापाऱ्यांचेच होते. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. विकणाऱ्याला तो कळायचाही नाही. वर कडता, हमाली, तोलाई आणि 'धर्मादाय' यांची कपात. वाचकहो, ज्या देवळाची पायरी आपल्या आजोबांना बंद होती, त्या देवळाच्या नावानेही त्यांच्या कापसातून पैसा कापला जाई! 1963 च्या कायद्याने समितीत शेतकऱ्यांचे बहुमत आणले, उघडा लिलाव आणि हिशेबपट्टी आली.

तरी लूट संपली असे नाही. मागे एका हंगामात आम्ही घरचा कापूस खेड्यातच एका व्यापाऱ्याला घातला. घरच्या मोजणीत आणि त्याच्या काट्यात दहा किलोंचा फरक आला. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत दिवसभर आकडे जुळवणारे. पण बियाण्याची उधारी त्याचीच, म्हणून तोंड उघडता आले नाही. ती लाज अजून बोचते.

पुढच्या वर्षी चार घरांनी मिळून एक गाडी केली आणि कापूस थेट बाजार समितीच्या आवारात नेला. भाडे वाटून गेले. सातवीतल्या मुलीने हिशेबपट्टी मोठ्याने वाचली. चार बाया कान देऊन ऐकत होत्या.

कायदा कागदावर असतो, तो वाचणारा घरात लागतो. महागावला जाल तेव्हा माल एकट्याने नेऊ नका, आणि पट्टी वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.