वॉशिंग्टनच्या छताखाली तीन विमाने

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिथल्या संसदेच्या घुमटापासून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या उंच स्मारकस्तंभापर्यंत एक लांबलचक हिरवे मैदान पसरलेले आहे. या मैदानाच्या कडेला राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालय उभे आहे. १९७६ साली ते लोकांसाठी खुले झाले. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मजूर असो की मंत्री, दार सर्वांना सारखेच उघडे.

या संग्रहालयात प्रवासी विमानांचे एक मोठे दालन आहे. आत शिरले की मान आपोआप वर जाते, कारण खरीखुरी विमाने छतालाच टांगलेली आहेत. त्यातल्या तीन विमानांपुढे थोडा वेळ थांबले पाहिजे. पहिले फोर्ड ट्रायमोटर, दुसरे बोईंग २४७ आणि तिसरे डग्लस डीसी-३. अवघ्या दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही तीन भावंडे. पण पहिल्यात आणि तिसऱ्यात बैलगाडी आणि आगगाडीइतका फरक आहे.

ट्रायमोटर प्रथम उडाले ते १९२६ साली. मोटारगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फोर्ड कंपनीचे हे विमान. अंगावर सगळा पन्हळी पत्रा, आपल्या वस्त्यांत छपरावर असतो तसा. फक्त हा अल्युमिनियमचा. तीन इंजिने, पैकी एक थेट नाकावर. आवाज इतका की प्रवाशांना कानात घालायला कापूस देत. १९२९ साली न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जायची नवी सोय निघाली, तेव्हा प्रवासी दिवसा या विमानात बसत आणि रात्री खाली उतरून आगगाडीत झोपत. काळोखात प्रवासी नेणे या सोयीत धोक्याचे मानले जाई. असे करून ४८ तासांत देश ओलांडला जाई.

त्या काळच्या दुसऱ्या पुष्कळशा विमानांचे पंख लाकडाचे असत. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात टीडब्ल्यूए कंपनीचे फोकर विमान कोसळले आणि आतली आठही माणसे मरण पावली. पंखाच्या लाकडी सांध्यांत ओल शिरून सरस कुजला होता. मृतांमध्ये नूट रॉकने हे देशभर गाजलेले फुटबॉल प्रशिक्षक होते, म्हणून साऱ्या देशात हळहळ आणि संताप उसळला. सरकारने लाकडी पंखांची वारंवार तपासणी सक्तीची केली. तो खर्च कंपन्यांना परवडेना आणि धातूच्या विमानाची निकड सर्वांना पटली. आज आपण ज्याला सुरक्षित प्रवास म्हणतो, त्याच्या पायात अशी माणसे गाडली गेली आहेत.

आता दुसऱ्या विमानाकडे वळू. बोईंग २४७ हे ८ फेब्रुवारी १९३३ रोजी प्रथम आकाशात गेले. संपूर्ण धातूचे, गुळगुळीत अंगाचे, दोनच इंजिने, आणि उडाल्यावर चाके पोटात ओढून घेणारे. वाऱ्याला अडवणारे काहीच बाहेर नसल्यामुळे वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हा प्रवास आता २० तासांवर आला. मात्र जागा फक्त दहा प्रवाशांना, आणि पंखाची मुख्य तुळई थेट प्रवाशांच्या खोलीतून आडवी गेलेली. पुढे जायचे तर ती ओलांडून जावे लागे.

दालनातले हे विमान आपल्याकडेही येऊन गेले आहे! २० ऑक्टोबर १९३४ रोजी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातील मेलबर्नपर्यंत विमानांची शर्यत सुटली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल येथे थांबणे सक्तीचे होते. खास शर्यतीसाठी बांधलेले छोटे ब्रिटिश विमान पहिले आले. पण जगाने तोंडात बोट घातले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबराला, कारण ती दोन्ही रोजच्या प्रवासाची विमाने होती. तिसरे आले ते हेच बोईंग. दुसरे आले ते हॉलंडच्या केएलएम कंपनीचे डग्लस डीसी-२, नाव ‘औव्हर’. त्यात तर तीन प्रवासी आणि टपालाच्या थैल्याही होत्या.

या औव्हरची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. मुक्काम जवळ आला असताना ते रात्री वादळात सापडले, वाट चुकले. खाली ऑल्बरी नावाचे गाव होते. डोक्यावर घिरट्या घालणारा आवाज गावकऱ्यांनी ऐकला. कुणीतरी गावातले दिवे चालू-बंद करून तारेच्या कट-कडकट भाषेत गावाचे नाव आकाशाला कळवले. रेडिओवरून हाक गेली की, मोटारी असलेल्यांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर या. मोटारी रांगेने उभ्या राहिल्या, त्यांच्या दिव्यांच्या उजेडात विमान उतरले. सकाळी ते चिखलात रुतलेले होते, तेव्हा त्याच गावकऱ्यांनी दोर लावून ओढून बाहेर काढले. त्या रात्री यंत्राला माणसांनीच हात दिला. पण दोनच महिन्यांनी तेच विमान इराकमधल्या वाळवंटात कोसळले आणि आतले सातही जण गेले.

बोईंगपेक्षा डग्लस पुढे का गेले, त्याचे कारण मोठे बोधप्रद आहे. बोईंग आणि युनायटेड ही विमानवाहतूक कंपनी तेव्हा एकाच घरच्या. पहिली ६० विमाने घरच्यांनाच द्यायची असे ठरले. टीडब्ल्यूएला ‘थांबा’ असे उत्तर मिळाले. तेव्हा टीडब्ल्यूएच्या जॅक फ्राय यांनी २ ऑगस्ट १९३२ रोजी दुसऱ्या कारखान्यांना पत्र पाठवले. आम्हाला तीन इंजिनांचे, धातूचे, बारा प्रवाशांचे विमान हवे. पूर्ण ओझे घेऊन उडताना एक इंजिन बंद पडले तरी ते वर गेले पाहिजे. कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे डोनाल्ड डग्लस यांचा कारखाना होता. त्यांनी उत्तर दिले, हे काम आम्ही दोन इंजिनांत करू. म्हणजे एक बंद पडले तर उरलेल्या एकट्याने सारा भार पेलायचा!

१ जुलै १९३३ रोजी डीसी-१ प्रथम उडाले आणि वर चढू लागताच इंजिने गुदमरू लागली. वैमानिक कार्ल कव्हर यांनी नाक खाली केले की इंजिने पुन्हा सुरू, वर केले की पुन्हा बंद. कसेबसे ते उतरले. शोध घेतल्यावर कळले की कार्ब्युरेटरमधील तरंगते उलट्या बाजूने बसवलेले होते, त्यामुळे चढताना पेट्रोल तुटत होते. दोष निघाला. मग सप्टेंबरात खरी परीक्षा झाली. ॲरिझोनातील विन्स्लो हे गाव जवळजवळ पाच हजार फूट उंचीवर. तिथली हवा विरळ, इंजिनाचा दम कमी पडतो. उड्डाण करतानाच एक इंजिन मुद्दाम बंद केले, आणि एकाच इंजिनावर विमान डोंगर ओलांडून अल्बुकर्कीला पोहोचले. प्रवाशाच्या जिवाची हमी अशी कसोटीवर घासून घेतली गेली.

पुढे चौदा प्रवाशांचे डीसी-२ निघाले, आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी डीसी-३ उडाले. दिवसा २१ आसने किंवा रात्री १४ बिछाने. तोवर बहुतेक कंपन्या सरकारी टपालाच्या पैशांवर जगत होत्या. डीसी-३ ने केवळ प्रवाशांच्या तिकिटांवर नफा करून दाखवला. दालनात टांगलेले डीसी-३ ईस्टर्न एअरलाइन्सचे. वजन सुमारे साडेसात टन, आणि निवृत्त होण्यापूर्वी ५६ हजारांहून अधिक तास ते उडाले. महायुद्धात याच बांधणीची हजारो विमाने बनली. तीच आपली ‘डाकोटा’. १९४९ साली आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. नागपूरच्या आकाशात मध्यरात्री घरघरणारी ती हीच भावंडे.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, विमान कसे झाले एवढे सांगून गोष्ट संपत नाही. त्यात बसले कोण आणि ते चालवले कोणी, हेही विचारले पाहिजे. १९३० साली एलन चर्च या परिचारिकेला विमान चालवायचे होते. वैमानिक म्हणून तिला कुणी घेतले नाही. तेव्हा तिने प्रवाशांच्या सेवेची कल्पना मांडली आणि ती जगातील पहिली हवाई सुंदरी झाली. म्हणजे बाईला विमानात जागा मिळाली, पण चहा देणारी म्हणून.

संग्रहालयापासून पोटोमॅक नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर वॉशिंग्टनचा राष्ट्रीय विमानतळ लागतो. १९४१ साली तो सुरू झाला तेव्हा तिथल्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना जेवण मिळत नसे. ज्या विमानाचे तिकीट काढले त्यात आसन मिळे, पण ताट मिळत नसे! डिसेंबर १९४८ मध्ये सरकारी आदेशाने ही बंदी उठली. दक्षिणेकडील विमानतळांवरचे वेगळे दरवाजे आणि वेगळी बाके जायला मात्र १९६३ साल उजाडले.

त्याच १९६३ साली, एप्रिल महिन्यात, मार्लन ग्रीन या कृष्णवर्णीय वैमानिकाने सर्वोच्च न्यायालयात आपला खटला जिंकला. नऊ वर्षे लष्करी विमाने चालवलेल्या या माणसाला कॉन्टिनेंटल कंपनीने डावलून त्याच्याहून कमी अनुभवाच्या गोऱ्यांना घेतले होते. घरात लेकरे असताना तो सहा वर्षे लढला. न्यायालयाचा निकाल एकमताने लागला. १९६५ साली तो त्याच कंपनीत वैमानिक झाला, आणि २०१० साली, त्याच्या मृत्यूनंतर, कंपनीने एका बोईंग ७३७ ला त्याचे नाव दिले.

हिशेब मांडून पाहा. बोईंग २४७ उडाले १९३३ साली आणि ग्रीनला न्याय मिळाला १९६३ साली. एका इंजिनावर विमान उडवायला अभियंत्यांना एक वर्ष पुरले. सर्व माणसांना एका बाकावर बसवायला तीस वर्षे लागली, आणि तेही कुणीतरी न्यायालयाची पायरी चढले म्हणून. आपल्या मुलामुलींनी इंजिन, पंख, धातू यांची विद्या जरूर शिकावी. पण ग्रीनचे नावही त्यांना पाठ असावे.